बांध रुंद करू नका

पुणे, १२ जानेवारी

प्रिय संध्या हिस,

फोनवर माझा आवाज ऐकून तू घाबरतेस, म्हणून लिहितो. मी बरा हाय. जेवणही बरं असतं, फक्त भात चिकट करतात. आईचा खोकला थांबला का?

नवा पाय मिळाला. कंपनीत मशिनीत गेला तो काय परत येणार नाय, पण हा गुडघ्याखाली घट्ट बसतो. इथल्या दवाखान्यात चालायला शिकवणारे सर सांगतात, पाय फाकवून चाला. माझी सवय बांधावरची. पायापुढे पाय पडतो नि तोल जातो. मंगळवारी दोनदा पडलो. फारसं लागलं नाय.

तुझ्या धाकट्या दिराचा, साईराजचा फोन आला होता. म्हणाला, दादा यायच्या आधी निडी स्टेशनाकडून घरी येणारा बांध रुंद करतो. त्याला थांबव गो. दोन्ही बाजूंना वाल फुलावर असतील, त्यांच्यावर माती टाकू नका. मी रोज फरशीच्या एकाच ओळीवरून चालून बघतो. काल बारा पावलं गेलो.

तू एवढंच कर. मी येईन तेव्हा बांधावर माझ्या पुढे चाल आणि मागे वळून बघू नकोस. पडलो तर मीच हाक मारीन.

तुझा,
भरत