नवसाचा पहिला रोडगा

प्रिय रंजी,

तुझा निरोप मिळाला, तुझ्या अमरदीपचा व्हिडिओही पाहिला. मी काहीच कळवलं नाही म्हणून तू हेमलाला फोन करून विचारलंस म्हणे, "दादा रागावला काय वं वहिनी?" रागावलो नाही. हे फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून लिहितो आहे. आपल्या गावचा फुलसिंग उद्या जीप घेऊन तुमच्या शेलूबाजारला येतो, त्याच्या हाती देतो.

इकडे रिठदला सोयाबीन निघालं. आई बरी आहे, पण गव्हाच्या पोळीला हात लावत नाही. आता घरात सगळ्यांचीच भाकर असते. गावच्या गिरणीत गव्हावर ज्वारी दळतात, म्हणून हेमलानं घरघंटी घेतली. ती कशासाठी, हे तुला सांगितलं नव्हतं.

आमच्या चंदाला जाऊन आखाडीला वर्ष झालं. दीड वर्षाची होईपर्यंत पोरगी कशी गुटगुटीत होती, तू पाहिलंच आहेस. मग वाळत गेली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे. गल्लीतली पोरं तिला डफडं म्हणत. ती चिडायची नाही. झंपर वर करून दोन बोटांनी पोट वाजवायची आणि म्हणायची, "या रे, वाजंत्री आली!" आम्हीही हसायचो. जंताचं औषध झालं, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, नजर उतरवून झाली.

आपल्या लहानपणी गहू सणालाच शिजायचा. सण झाला की माझं पोट बिघडायचं आणि तू म्हणायचीस, "दादाले पचत नाही, त्याचा रोडगा मले द्या." चंदाच्या वेळेला ज्वारी पेरणं सुटलं होतं, घरात रेशनचा गहू होता. थोडी ज्वारी आणली तर ती आमच्यापुरती. आजारी लेकराला भाकर जड, म्हणून आई तिच्यासाठी मऊ पोळी दुधात कुस्करायची. चंदा माझ्या ताटाकडे पाहून म्हणायची, "बाबा, मले भाकर दे ना." आई तिला जवळ ओढायची, "हट, लेकराले कोणी भाकर देते काय!" मायेनंच म्हणायची.

मग मारुतीला गव्हाच्या रोडग्यांचा नवस बोललो. तिला बरं वाटायच्या आधीच फेडला. म्हटलं, देव लवकर पाहील. त्या दिवशी रोडगे भाजायला गोवऱ्या तूच रचल्या होत्यास. पहिला रोडगा नवसाच्या लेकराचा, म्हणून आईनं त्यात तूप घालून तिला भरवला. तिनं अर्धा खाल्ला, तर आपल्याला किती आनंद झाला होता.

पुढे जुलाब थांबेनात. वाशीमहून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हातलं ग्लुटेन अशा लेकरांना सोसत नाही. आतडं आतून झडत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तोवर तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. एका रोडग्यानं काही झालेलं नाही, हे कितीक दिवसांपासूनचं आहे, असं बाईंनी आईला जवळ बसवून समजावलं. आईला ते पटलं नाही. म्हणून आम्ही सगळ्यांना, तुलाही, पोरगी जुलाबानं गेली एवढंच सांगितलं. आईसमोर गव्हाचं नाव निघायला नको होतं.

मी बाईंना विचारलं होतं, आमच्याच लेकराला का? त्या म्हणाल्या, एकटं तुमचंच नाही. जगात शंभरातल्या एखाद्याला असतो. आपल्याकडे कमी असेल असं समजतात, पण आपल्याकडे तपासतंच कोण? वाळलेलं लेकरू दिसलं की जंत म्हणायचं आणि सोडून द्यायचं. घरातल्यांचं रक्त तपासा, असंही त्यांनी सांगितलं. इतके दिवस माझं मन धजलं नाही. गेल्या महिन्यात तपासलं. हेमलाचं चांगलं निघालं, माझं नाही. घरघंटी माझ्यासाठी आहे. हे चंदाला माझ्याकडूनच गेलं असणार.

आता तुझ्या व्हिडिओचं. अमरदीप बंडी वर करून पोट वाजवतो आहे आणि तुम्ही सगळे हसता आहात. खाली तू लिहिलंस, "दादा, पोरगं काही भरत नाही. दिवाळीनंतर रोडगे ठेवले आहेत मारुतीले, तुमी या." रंजी, तुझं-माझं रक्त एक आहे. नवस थोडा पुढे ढकल आणि आधी त्याला रक्त तपासायला वाशीमला आण. मी स्टँडवर उभा राहीन. रक्त देईपर्यंत त्याचा गहू बंद करू नकोस, नाहीतर तपासणीत आजार लपतो, असं बाईंनी बजावलं आहे. हे माझ्या हातानं लिहिणं जड जातं, पण तोवर त्याला पोळी देत राहा. काही निघालं नाही, तर तुझ्या अंगणात रोडगे मी भाजीन. निघालंच, तर नवसाचा पहिला घास आमच्या घरघंटीच्या ज्वारीचा. चंदानं मागितलेली भाकर तिच्या भावाला मी माझ्या हातानं भरवीन, मारुतीला काय सांगायचं ते माझ्यावर सोड. आईला व्हिडिओ अजून दाखवलेला नाही.

तुझाच,
किशनदादा