चौथ्या पायातली कुरतड

१२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

तू सुट्टीला येणार म्हणून मागचं अंगण एकदाचं लख्ख केलं. रानफुलांची झुडपं मुळासकट उपटली. तो वाळका ओंडकाही गेला, ज्याला तू तीन वर्षं कुणाला बोट लावू देत नव्हतीस. वरचं लाकूड चुलीत, गाभ्याचं तुझ्यासाठी स्टूल! स्टुलाचे पाय कापताना आत बोगदे दिसले, कुरतडल्याचा आवाजही यायचा. सुताराच्या बहिणीला किडकं लाकूड? शोभतं का! दिसेल त्या बोगद्यात किडीचं औषध सोडलं. आता चिडीचूप.

लोभ आहेच, स्टूल पाहून वाढेल.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

अरे, काय केलंस हे! त्या ओंडक्याच्या सालीत अंडी घालताना मी एका भुंगेऱ्याची मादी पाहिली होती. लांब मिशांचा भुंगेरा तो. अंगावर गांधिलमाशीसारखे पिवळे पट्टे, म्हणून पाखरं बिचकतात. स्वतः बिचारा फुलांतले पराग खातो. अळी वर्षानुवर्षं अंधारात लाकूड कुरतडते, आणि भुंगेरा होऊन फुलांवर येते ती जेमतेम काही आठवडे. आतले भुंगेरे बाहेर येईपर्यंत मला थांबायचं होतं, एवढंच.

राग अनावर झालाय. पण रागावू तरी कुठल्या तोंडाने? नोकरी कीटकांच्या अभ्यासाची, आणि घरच्या माणसाला ओंडका का जपते ते एका शब्दाने सांगितलं नाही. तू चेष्टा करशील म्हणून! माझ्या भित्रेपणानेच मेले ते. तूर्त मी येत नाही.

आशीर्वाद आहेतच, रागासकट.

ताई

२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार करायलाही तोंड नाही. चेष्टा केली असतीच गं, पण हात लावला नसता. तुझं पत्र आल्यापासून घास उतरत नाही. बायको म्हणते, किड्यांसाठी कुणी एवढं झुरतं का. मी झुरतोय. हात माझेच ना.

पण ऐक. चौथ्या पायात बोगदा दिसला नव्हता, म्हणून तिथे औषध गेलंच नाही. काल स्टूल उचललं, तर त्या पायातून कुरतडल्याचा आवाज! कान लावून बसलो आणि चक्क रडलो.

स्टूल अंगणात नेऊन ठेवलं. मग डोक्यात प्रकाश पडला, हा बाहेर आला तर खाईल काय? मी एक फूल शिल्लक ठेवलेलं नाही. शेजारणीच्या हातापाया पडून फुललेली कुंडी आणली आणि त्या पायाशी ठेवली. न चुकता पाणी घालतो.

स्टुलावर कुणाला बसू देत नाही. तूही बसू नकोस, पण ये. हवं तेवढं रागव, लोभ तेवढा तोडू नकोस.

तुझा धाकटा