औंदाचे रोट

१२ जुलै, शनि.
पाळी जाऊन वर्ष झालं. अंगातली भट्टी अजून विझलेली नाही. निंदणीच्या बायका सावलीत बसलेल्या, मी एकटी पदराने वारा घेत. एक म्हणाली, "मिरची खाई ऱ्हायनी का?" हसले. एवढं शेत-घर ओढलं, ही धग काय जड? झोप मात्र उडालीय. यांच्यावर उगाच खेकसते. हे पंखा माझ्याकडे वळवून देतात. शहाणा माणूस.

२० जुलै, रवि.
मोठ्या जाऊबाई सकाळीच आल्या. "तुन्हं बंद व्हई गे ना, सुमन? मंग औंदा रोट तूच कर. मन्हा हात दुखतस."
कानबाईचे रोट! नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी बसेल, तिच्या नैवेद्याच्या या जाड पोळ्या. आमच्या भाऊबंदकीत त्या पिठाला पाळी गेलेल्या बाईचाच हात. ऐनवेळी अडचण नको म्हणून. इतकी वर्षं हा मान जाऊबाईंचा. आता माझा. दिवसभर तोऱ्यात होते. गहूसुद्धा ताठ बसून निवडले. गुडघे कुरकुरले, ऐकलं नाही.

२८ जुलै, सोम.
सकाळी डाग. दुपारपर्यंत जास्त. वर्ष उलटल्यावर?
निवडलेले गहू समोर, आज दळायचे. कुणाला कळणार होतं? पण मागे गावातल्या शिबिरात नंदुरबारच्या डॉ. बाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, बंद झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी गेलं तरी दाखवायचं. घाबरले. मान जाणार याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
तशीच जाऊबाईंकडे गेले. सांगून टाकलं. वाटलं चिडतील. त्यांनी उठून दार लोटलं, खाटेवर बसल्या.
"मन्हं बी जास मधून मधून. दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू?"
म्हणजे हात दुखतात वगैरे... ते निमित्त. असं असताना रोटाला हात लावणं त्यांच्याच्याने होईना झालं होतं.
म्हटलं, परवा नंदुरबार. दोघी. काही एक ऐकणार नाही.

३० जुलै, बुध.
गेलो. बसमध्ये जाऊबाई माझा हात सोडेनात. ज्यांच्यासमोर माझे सासरेही जपून बोलायचे, त्या ह्या.
सोनोग्राफी झाली. आतलं अस्तर माझं थोडं जाड, त्यांचं बरंच. दोघींच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय. डॉ. बाई म्हणाल्या, पुष्कळदा साधंच निघतं, पण तपासल्याशिवाय मी बोलणार नाही. जाऊबाईंनी विचारलं, आधी आले असते तर? "आज आलात ना," म्हणाल्या.


३ ऑगस्ट, रवि.
आम्ही दोघी बाद. रोट पूजाने केले, माझ्या सुनेने. पाळी येणाऱ्या बाईने रोट करायचे म्हणजे आमच्याकडे आक्रीतच. कंबरेचं निमित्त काढून बाजूला झालेल्या चुलतसासू पुटपुटल्याच, "ही तर कवळी पोर शे."
उंबऱ्याबाहेर बसलेल्या जाऊबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "मन्हं बंद व्हतं ना? तरी दोन वरीस रगत गे. झाकी ठेयं. आते तपासी उनू. त्यामा काय झाकानं? पोरले करू द्या."
पुरुष ओसरीवर होते. ऐकलं असणार. ऐकू दे.
पूजाचे रोट जरा वाकडे झाले. कानबाईपुढे ठेवले तेव्हा मी बाहेरूनच हात जोडले. सुनेपेक्षाही जाऊबाईंसाठी.

४ ऑगस्ट, सोम.
कानबाई नदीवर पोचवली. येताना भावकीतल्या दोघीजणींनी मला डॉ. बाईंचा दवाखाना कुठे ते विचारलं. कालच्या त्या चुलतसासू माझ्यासोबत स्वतःच्या दारापर्यंत आल्या. आत जाता जाता म्हणाल्या, "पुढना टाईमले नंदुरबारले मी बी येसू."
शुक्रवारी रिपोर्ट. जाऊबाई म्हणतात, "आधी मन्हा वाच." बरं म्हटलं. मी ताठ आहे.
रोट पुनवेच्या आत संपवायचे असतात. पुनव शनिवारी. जाऊबाईंनी दोन झाकून ठेवलेत, शुक्रवारी परत आल्यावर दोघींना खायला.