आप्पांचे न दुखणारे गुडघे

आप्पा, तुमचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते, हे तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं. तेव्हाचा राग आज कागदावर काढतेय.

कॅन्सरमुळे प्रोस्टेटची ग्रंथी अख्खी काढून तुम्ही घरी आलात आणि रविवारी विहारात वंदनेला जाणं बंद केलंत. गुडघे धरलेत, खाली बसवत नाही म्हणालात. मी कमिटीशी भांडून तुमच्यासाठी खुर्ची ठेवायला लावली, तर माझ्यावरच खेकसलात, "त्या खुर्चीवर तूच बस जा." रोज संध्याकाळी मी तेल गरम करून गुडघे चोळायची आणि तुम्ही डोळे मिटून चोळून घ्यायचात. लघवी गळते, पांढऱ्या पायजम्यावर डाग दिसेल, एवढं एक वाक्य बी. ए. झालेल्या लेकीला सांगता आलं नाही तुम्हाला. आई पहाटे, मी उठायच्या आत, पायजमे धुऊन टाकायची. आणि तुमचा तो सर्जन. जीव वाचला ना, एवढं बोलून त्याने वाटेला लावलं.

यंदा ह्यांचं, तुमच्या जावयांचं, तेच ऑपरेशन झालं, इथेच सोलापुरात. डॉक्टरीणबाईंनी आधी कागदावर चित्र काढलं. ग्रंथी काढली की मूत्राशय आणि लघवीची नळी पुन्हा जोडावी लागते. नळी जमेल तेवढी लांब राखली, जोडाच्या मागे आधाराचे टाके घातले, तर ताबा लवकर येण्याची शक्यता वाढते. हमी नाही म्हणाल्या. पण लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, त्यांचा व्यायाम आजपासूनच करा. जावई खेड्यातले, मंद्रूपचे, त्यांना कसली भीड.

"म्हंजे तवर लंगोट लावून फिरायचं म्हणा की, बाई."

"फिरायचं. घरात बसायचं नाही."

गेल्या रविवारी ते आत पॅड लावून, वर पांढरे कपडे घालून विहारात पहिल्या रांगेत बसले. शेजारच्याला पॅडचं आपणहून सांगूनही टाकलं. मी मागून बघत होते आणि तुमच्यावर नुसती धुमसत होते. तुमच्या वेळी तसे टाके नसतील, मान्य. कापडाची घडी तर होती? तोंड तर होतं?

आज ते एकटेच गेलेत. माझी पांढरी साडी खुर्चीवर तशीच आहे. हल्ली खोकला आला की मलाही थेंब आवरत नाहीत, आप्पा. सुनेला म्हटलं, गुडघे धरलेत. ती तेलाची वाटी घेऊन येतेय. हा कागद उशीखाली सरकवते आणि पाय लांब करते.