बॉक्स नं. २ आणि आईच्या बातम्या

८ जानेवारी
तिन्ही सेटटॉप बॉक्स कॉम्प्युटरचं ऐकायला लागले! नं. १ हॉलमध्ये, २ आईच्या खोलीत, ३ वर आमच्याकडे. जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, बाकी माल घरगुती: इन्फ्रारेड एलईडी, ट्रान्झिस्टर, भिंतीकडेने नेलेल्या वायरी. रिमोटचे संकेत रेकॉर्ड करून ठेवले, आता मोबाइलवरून कुठलाही बॉक्स फिरवता येतो. एलईडी पेटला तरी डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यातून जांभळट लुकलुकतो. नंदाला दाखवला. म्हणाली, "रिमोट आहेत की तीन." बायकोला कौतुक म्हणून नाही.

९ जाने.
घोळ. बॉक्स एकाच कंपनीचे, एकाला सांगितलं की दुसराही ऐकतो. आईच्या खोलीत अभंग लावले, मधलं दार उघडं, तर हॉलमध्ये नंदाची मालिका जाऊन तिथेही अभंग. नंदा भडकली. आता एलईडी बॉक्सच्या डोळ्याच्या कडेला चिकटवून वरून काळी टेप, रिमोटपुरती फट ठेवून. उजेड बाहेर जाता कामा नये.

१४ जाने.
सुधीरचा फोन नाही. मागच्या वेळी म्हणाला होता, "दादा, पुढचा टप्पा जरा वाकडा आहे, आईला सांगू नकोस." आईला सांगायची गरजच नाही. टीव्ही दिवसभर तेच सांगतोय: जहाजांवर हल्ले, लाल बाण, जळणारा टँकर, तीच क्लिप पुन्हा पुन्हा. धाकटा मुलगा टँकरवर फिटर असला की त्या क्लिपमधलं प्रत्येक जहाज त्याचंच. आई एका न्यूज चॅनेलवरून दुसऱ्यावर. ताट तसंच. बी.पी. चढलंय.

डॉक्टर म्हणतात बातम्या बंद करा. सांगायला काय जातं! आईला म्हटलं तर, "माजा पोरगा हाय तिकडं. मी नाय बघायचं तर कोणी बघायचं?"

१६ जाने.
केलं. आईच्या टीव्हीखाली रिसीव्हर लावला. तिने न्यूज चॅनेलचा नंबर दाबला की कॉम्प्युटरला कळतं, आणि दोन सेकंदांत तो बॉक्स नं. २ ला अभंगांवर नेतो. आई रिमोट हातावर आपटत बसली. मी म्हटलं, केबलवाल्याचा काहीतरी लोचा असेल. खोटं बोलताना तिच्याकडे बघितलं नाही.

नंदा म्हणाली, "अहो, हे बरं नव्हे. त्यांना सांगा तरी." सांगितलं तर मग केलं कशाला?

१९ जाने.
रात्री आई चार घास जास्त जेवली. बी.पी. थोडं खाली. मी खूश.

सु.चा फोन नाही. कंपनीच्या मुंबई ऑफिसात फोन केला. "त्या भागात जहाज आपला ठावठिकाणा दाखवत नाही सर, काळजी करू नका." काळजी करू नका म्हणायला पगार मिळतो त्याला.

२३ जाने.
आज आई स्वयंपाकघरात नंदाला हळू आवाजात, "बातमी लावली की कोणतरी फिरवतंय गो. मला बघू द्यायचं नाय त्याला. सुद्याचं कायतरी वाईट झालंय." म्हणजे मी हे केबलवाल्यावर ढकललं आणि तिने देवावर. पुन्हा जेवण बंद. पूर्णगडला माहेरच्या देवळात कौल लावायचा म्हणते.

नंदा माझ्याकडे बघत होती. मी बाहेर जाऊन स्कूटर पुसली.

२६ जाने.
पूर्णगड. सुट्टीच होती. वाटेत बोलेन, खाडीच्या पुलावर बोलेन, असं करत देऊळ आलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "पोर दर्यावर हाय, सुखरूप असंल तर उजवा दे." देवाच्या अंगावर फुलं लावली. आई हात जोडून, डोळे उघडे. मी देव मानत नाही, पण त्या फुलांवरून नजर हलेना. उजव्या बाजूचं फूल पडलं. आईने माझा दंड धरला. मला रडू आलं, सरळ रडलो. तिला वाटलं भक्तीने.

३० जाने.
झाली का पंचाईत! आईने आता हिशेब उलटा लावलाय. रोज संध्याकाळी दिवा लावला की न्यूज चॅनेल दाबते. अभंग लागले की मोठ्याने, "फिरवलान रे!" आणि जेवायला बसते. "देव फिरवतोय तवर माजा सुद्या बरा हाय."

म्हणजे आता काढताही येत नाही. काढलं आणि बातमी लागून राहिली तर? कॉम्प्युटरला इन्व्हर्टर जोडला. घरात फ्रिज नाही त्यावर, हा आहे.

५ फेब्रु.
सु. नाही. ऑफिस: "अपडेट आला की कळवू." मोहोर चांगला आलाय म्हणे सगळीकडे. असेल.

११ फेब्रु.
संध्याकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. आईचा फोन. "विनू, आज फिरत नाय रे." आवाज अगदी साधा. मागे अँकर ओरडत होता. मोबाइलवरून बघितलं, कॉम्प्युटर चालू, संकेत जातायत, मग बॉक्स का ऐकत नाही? नंदा शाळेतून यायची होती. स्कूटर कशी हाणली माझं मला माहीत. साळवी स्टॉपला एकाने शिवी दिली, बरोबर दिली.

घरी आलो तर अभंग चालू, आई वाती वळतेय. "फिरवलान. उशिरा फिरवलान." मी पाणी प्यायलो.

१२ फेब्रु.
ठरलं. आज सांगायचं. नंदालाही तसं बोललो. सु.चं काय व्हायचं ते होवो, पण आईने माझ्या वायरीला हात जोडावेत हे सहन होत नाही.

आई मागच्या दारी तांदूळ निवडत होती. म्हटलं, आधी काल काय बिघडलं ते बघू. बॉक्स नं. २ वरचं क्रोशाचं कापड उचललं. काळी टेप एका बाजूने सुटून लोंबत होती. एलईडी मात्र नीट जागेवर. त्याच्यावर आडवी-उभी पांढरी चिकटपट्टी, आई गुडघ्याला लावते ती. कडा नखाने दाबून बसवलेल्या.

मी लावलेली नाही. नंदा काल घरात नव्हती.

कधीपासून माहीत असेल? कालपासून? पूर्णगडच्या आधीपासून? गाऱ्हाण्याच्या वेळी तिचे डोळे उघडे होते.

कापड होतं तसं टाकलं. तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "खडे बघ. मला दिसत नाय हल्ली."

संध्याकाळी दिवा लागला. नंबर दाबल्याचा आवाज. मी हॉलमध्ये.

"फिरवलान रे, विनू!"

"हो आई," म्हटलं. ऑफिसचा फोन अजून नाही.