बाबा परत आले ते अठरा दिवस

आई, आज पुलगावची एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा सोडून गेल्याला दोन वर्षं व्हायला महिनाभर उरला आहे, आणि आता तो म्हणतो, घरी येतो. "मॅडम, त्याले घरात घेऊ का नको?" मी तिला कायदा सांगितला. "तो खऱ्या मनानं येत असेल आणि तू नाही म्हटलंस, तर सोडल्याचा ठपका तुझ्यावरच येऊ शकतो. घेतलंस आणि संसार पुन्हा सुरू झाला, तर घटस्फोटासाठी दोन वर्षं नव्यानं मोजावी लागतील." मला तू आठवलीस.

आपण तेव्हा आंजीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तू शाळेत शिकवून परत आलीस, तर बाबा ओट्यावर पिशवी घेऊन बसलेले. एकवीस महिन्यांनी. तू काहीच विचारलं नाहीस. आत गेलीस आणि कणीक जास्तीची भिजवलीस. अठराव्या दिवशी ते काम आहे म्हणून गेले, ते गेलेच.

मग तुझ्या घटस्फोटाच्या अर्जावर वर्ध्याच्या कोर्टात तू उभी आहेस, मी मागच्या बाकावर. आपल्या वकिलांनी बाहेर बजावलंय, "बाई, पोरीले भेटाले आलते, पाहुण्यासारखे राह्यले, एवढंच सांगजा." बाबांचा वकील विचारतो, "तुम्ही त्यांना नवरा म्हणून घरात घेतलं होतं की नाही?"

"घेतलं होतं," तू म्हणतेस. "मले वाटलं, आता राह्यतीन."

दोन वर्षं सलग भरली नाहीत म्हणून अर्ज फेटाळला. बसमध्ये मी तुझ्यावर ओरडले, "काऊन सांगितलं?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "अठरा दिवस मी खोटं वागली नाई. मंग आता खोटं काऊन बोलू?" पुन्हा दोन वर्षं मोजून तू सुटलीस खरी, पण त्यानंतर फार जगली नाहीस.

आई, बाबा आपणहून आले नव्हते. कॉलेजसमोरच्या बूथवरून मी फोन केला होता, तू खूप बिमार आहेस असं खोटंच सांगून. बारावीत होते, कळत नव्हतं असंही नाही. तू असतीस, तर हे लिहायचीही माझी हिंमत झाली नसती.