दादाच्या नावाची डबी

१२ जाने., सोम.
"मूळव्याध हाय, दुसरं काय न्हाई." एकवीस वर्षांपूर्वी आमचे वडील, अण्णा, ओट्यावर बसून हे म्हणाले आणि सगळ्या घरानं मान डोलावली. पाच महिन्यांत गेले. आतड्याचा कॅन्सर. आज कळंबला त्याच ओट्यावर दादा तंबाखू मळत म्हणाला, गॅस आहे. दोन महिने पोट साफ होत नाही, पण गॅस आहे. एका पिढीत एवढीच प्रगती.
वहिनी शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

१५ जाने., गुरु.
दादा नारायणगावच्या शिबिरात जाऊन आला. "आतड्याचं आरोग्य" असा फलक, टाय लावलेली माणसं. शौचाचा नमुना मागच्या महिन्यातच दिला होता म्हणे, आज रिपोर्ट. मोबाइलवर दाखवला. हिरवे, पिवळे, लाल गोल. चांगले जंतू इतके, वाईट जंतू इतके, जणू भावकीची यादी. शेवटी मोठ्या अक्षरांत: तुमच्या आतड्याचं वय ३९.
दादा चोपन्न वर्षांचा आहे. आज दिवसभर एकोणचाळीसचा असल्यासारखा चालत होता.
सोबत पावडरचा डबा. शेजारच्या पाटलांनाही तोच डबा, त्यांचे गोल वेगळे असूनही. हे मी बोलून दाखवलं. म्हणाला, "नंदे, तू गोष्टी लिही. पोटातलं तुला काय कळतंय?"

१७ जाने., शनि.
मंचरच्या डॉ. बाईंना तो रिपोर्ट दाखवला. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, जंतू असतात हे खरं, मोजताही येतात. पण काल काय खाल्लं त्यावरही आकडे हलतात, आणि या गोलांवरून कुणाला कॅन्सर आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. शौचाच्या तपासणीत जंत कळतील, काही जंतुसंसर्ग कळतील, सूज कळेल, डोळ्यांना न दिसणारं रक्त कळेल. ते रक्त कुठून येतं, का येतं, ते मात्र कळत नाही. त्यासाठी दुर्बीण घालून आतडं आतून बघावं लागतं. आणि एकदा रक्त सापडलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही.
दादाला तर वडिलांमुळे आणि पोटामुळे थेट दुर्बीणच करायला हवी, म्हणाल्या. तो ऐकणार नसेल तर निदान शौचाची डबी तरी तपासायला द्या.

२१ जाने., बुध.
डबी घरात पडून आहे. दादाची अडचण: लॅबच्या काउंटरवरची मुलगी त्याच्या मावसभावाची सून. "तिच्या हातात ही डबी दिऊ? उद्या लग्नात ती मला वाढायला यील." शिबिरात अनोळखी टायवाल्याला दिली तेव्हा लाज नव्हती. म्हटलं, डबी मी नेते, तू फक्त भर.
ज्या माणसाला ग्रामसभेत तासभर बोलायला लाज वाटत नाही, तो एका डबीला लाजतो.

२४ जाने., शनि.
आली डबी. वहिनीनं सकाळी दिली, तीन पिशव्यांत गुंडाळून वर भाकरीचं फडकं बांधून. दादा ओट्यावर पाठमोरा. मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली. एस.टी.त ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. लेबलवर दादाचं नाव माझ्याच हातानं लिहिलं.

२७ जाने., मंगळ.
रिपोर्ट पॉझिटिव्ह. रक्त आहे.
दोन तासांत घर हललं. चुलत्यांनी जीप सांगितली. पुण्याच्या दवाखान्यात पुढच्या मंगळवारची, तीन तारखेची, दुर्बीण मी पक्की केली. आत्यानं नवस बोलला. वहिनी मऊ भात करून ताट घेऊन उभी. दादा भिंतीकडे बघत बसलेला, एकदम म्हातारा. मला वाटलं, अण्णा आठवले असतील.

२९ जाने., गुरु.
नाही. अण्णा आठवले नव्हते. दोन दिवस तो कबूल कसं करावं याचा विचार करत होता.
आज सगळ्यांसमोर म्हणाला, ती डबी त्याची नव्हतीच. लाज वाटली म्हणून वहिनीला भरायला सांगितली. माझी कटकट थांबावी म्हणून. बोलला आणि हसला. चुलते हसले. आत्या पदर तोंडाला लावून हसली. "लई घाबरवलं राव," म्हणाले चुलते, आणि जीपवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. चहा झाला.
रक्त कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. वहिनी कांद्याच्या रोपाची जुडी घेऊन दारात उभी होती. दादा म्हणाला, "ती मिश्री लावती. हिरड्यातलं आसंल." विषय संपला. दादासाठी जीप, तिच्यासाठी मिश्री.

३० जाने., शुक्र.
डॉ. बाईंना फोन केला. मिश्रीचंही सांगितलं. म्हणाल्या, हिरड्यांतलं रक्त पोटात गेलं तर वाटेतच पचतं, या तपासणीला ते दिसत नाही. ही खालच्या आतड्यातलं रक्त पकडते. मूळव्याधही असू शकेल, वाईटही असू शकेल. पाहिल्याशिवाय कळणार नाही. पुन्हा डबी नको, वहिनींनाच आणा.
दादाला सांगितलं. म्हणाला, बघू, कांद्याची लागण उरकू दे.
माझ्याबद्दलही लिहिते. बायकांवर दोन पुस्तकं लिहिली. वहिनीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, हे काल दिसलं.

१ फेब्रु., रवि.
शेतात गेले. वहिनी वाफ्यात वाकून रोप लावत होती, दर चार हातांवर थांबून श्वास घेत. मीही शेजारच्या सरीत बसले. माझी रोपं वाकडी लागत होती, ती न बोलता सरळ करत होती.
विचारलं, कधीपासून?
"दिवाळीपास्नं. चक्कर येती. कपड्याला बी दिसतंय कधी."
मग सांगितलं का नाहीस?
"सांगितलं व्हतं, वन्सं. ह्यांना. उष्णता म्हणले." चार रोपं लावून झाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबी भर म्हणले तवा मी न्हाई म्हणू शकले असते. पर म्हटलं, त्यांच्या नावानं गेली तर कुणीतरी बघंल."
हे घर तिला एवढं पक्कं ठाऊक होतं. फक्त डबीवरून दादाचं नाव निघालं की कुणीच बघणार नाही, तेवढा अंदाज चुकला.
पुण्याची तारीख मी रद्द केलेली नाही. फोन करून नाव बदललं. पोट साफ करायचं औषध उद्या दुपारपासून घ्यायचंय. वहिनी म्हणाली, हे हो म्हणले तर येते. माझ्या हो म्हणण्याला या घरात किंमत नाही, तिच्याही नाही.
थोड्या वेळानं ओट्यावर जाते. तो तंबाखू मळत असेल. काय म्हणेल ते मला पाठ आहे. तरी एवढंच म्हणायचं ठरवलंय: दादा, मंगळवारी वहिनीबरोबर पुण्याला तू चल, आणि दुर्बिणीची पुढची तारीख तुझ्या नावानं घे.